साठ पट झूम नेमकं कशासाठी? स्पॉटिंग स्कोप निवडण्याआधीचं गणित

"ताई, स्पॉटिंग स्कोप घ्यायचाय, कोणता घेऊ?" पेट झालेल्या, कोर्सवर्क चालू असलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. प्रश्नासोबत दोन-तीन मॉडेलांचे स्क्रीनशॉट असतात आणि त्यात सगळ्यात ठळक अक्षरात छापलेला आकडा एकच, ६०×. माझं उत्तर दर वेळी उलट प्रश्नानेच सुरू होतं: किती अंतरावरून, किती मिलिमीटरची गोष्ट, दिवसाच्या कोणत्या वेळी बघायची आहे? याचं उत्तर तयार असेल, तर अर्धी निवड आपोआप होते. नसेल, तर आधी सिनॉप्सिस परत वाचा.

हे समजावून सांगायला पक्ष्यांपेक्षा नेमबाजीचं उदाहरण जास्त सोयीचं आहे. स्पॉटिंग म्हणजे गोळी कुठे लागली ते टिपणं, आणि तिथे बघायच्या गोष्टीचा आकार पक्का माहीत असतो. पक्षी मान वळवतो, पिसं फुलवतो. गोळीचं भोक मात्र जेवढं आहे तेवढंच राहतं.

आपल्याकडच्या मुलांना ५० मीटर रायफल हा प्रकार ऐकून तरी माहीत असतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये, १ ऑगस्ट २०२४ रोजी, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात लक्ष्याचा दहा गुणांचा गोल फक्त १०.४ मिलिमीटरचा असतो आणि गोळी ५.६ मिलिमीटर व्यासाची. मोठ्या स्पर्धांत आता इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असतं, गोळी कुठे लागली ते शेजारच्या पडद्यावर लगेच दिसतं. पण सरावाला कागदी लक्ष्य लावलं, की भोक बघायला शेजारी स्टँडवर स्कोप लागतोच.

आता गणित. कोनाचं एक सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: आकार मिलिमीटरमध्ये, भागिले अंतर मीटरमध्ये, गुणिले २०६. उत्तर आर्कसेकंदात येतं. एक अंश म्हणजे ३६०० आर्कसेकंद. चांगल्या उजेडात निरोगी डोळ्याला साधारण ६० आर्कसेकंदांपर्यंतचा, म्हणजे एका आर्कमिनिटाचा, तपशील वेगळा करता येतो.

५० मीटरवरचं ५.६ मिलिमीटरचं भोक: ५.६ भागिले ५०, गुणिले २०६, म्हणजे २३ आर्कसेकंद. डोळ्याची मर्यादा ६०. म्हणजे तिप्पट मोठं केलं तरी कागदावर पुरतं! प्रत्यक्षात मात्र ते भोक काळ्या गोलावर असतं, काळ्यावर काळं, म्हणून कॉन्ट्रास्ट मार खातो आणि नेमबाज २० ते ३० पट वापरतात. तरीही ५० मिलिमीटर भिंगाचा साधा स्कोप इथे भागवून नेतो. या अंतरासाठी कुणी ८० मिलिमीटरचा महागडा स्कोप घेत असेल, तर तो भोक बघायला घेत नाहीये.

३०० मीटरवर जाऊ. तिथे गोळी सहा मिलिमीटरच्या आसपासची धरली, तर ४.१ आर्कसेकंद. डोळ्याच्या किमान मर्यादेला आणायला १५ पट, डोळ्याला ताण न देता बघायचं तर ३० पट. इथून पुढे नुसती पट पुरत नाही, कारण विवर्तन आडवं येतं. प्रकाश ही लाट आहे आणि भिंगाच्या कडेपाशी ती पसरते, त्यामुळे बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी चकती होते. ही चकती भिंगाच्या व्यासावर ठरते. रेलेचा निकष सोप्या आकड्यात असा: १३८ भागिले भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ५० मिलिमीटर भिंगाला २.७६ आर्कसेकंद, ६० ला २.३, ८० ला १.७३. यापेक्षा बारीक तपशील ते भिंग वेगळा करूच शकत नाही, मग मागे नेत्रिका कोणतीही लावा. ३०० मीटरच्या भोकाला ६० मिलिमीटरचं भिंग पुरतं, ५० चं जेमतेम.

आता खरी लांब पल्ल्याची नेमबाजी. इंग्लंडमध्ये बिस्लीला १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर स्पर्धा होतात. पामा सामन्यातही ८००, ९०० आणि १००० यार्ड असतात. गोळी ७.६२ मिलिमीटरची. ७.६२ भागिले ९१४, गुणिले २०६, उत्तर १.७२ आर्कसेकंद. वर ८० मिलिमीटर भिंगाची मर्यादा काय आली होती? १.७३. म्हणजे निर्दोष काच, निर्वात पोकळी आणि न हलणारा ट्रायपॉड दिला, तरी १००० यार्डांवर आपण बरोबर उंबरठ्यावर उभे. आणि तिथे तर मध्ये जवळजवळ एक किलोमीटर तापलेली हवा असते.

मग हे लोक भोक बघतात कसे? बघतच नाहीत. गोळी लागली, की खंदकात बसलेला माणूस लक्ष्य खाली ओढतो, भोकात एक ठळक चकती खोचतो आणि लक्ष्य परत वर करतो. नेमबाजाला स्कोपमधून ती चकती दिसते. मला हे उत्तर फार आवडतं. तपशील स्कोपला पेलत नव्हता, तर त्यांनी स्कोप मोठा केला नाही, खूणच मोठी केली. पक्षी-अभ्यासात पायात रंगीत कडी घालतात ती याच कारणासाठी: धातूच्या कडीवरचा बारीक नंबर वाचायला पक्षी हातात लागतो, रंगांचा क्रम लांबून वाचता येतो. महागडं यंत्र मागण्याआधी प्रयोगाची आखणी बदलून काम होतंय का, ते तपासायला हवं. आरआरसीसमोर हा प्रश्न हमखास येतो.

इथे एक बारकावा सांगते, नाहीतर कुणीतरी विचारेलच: "विजेची तार तर दोन किलोमीटरवरून दिसते, मग मर्यादा कसली?" दिसणं आणि वेगळं करणं या दोन गोष्टी आहेत. पांढऱ्या कागदावरचा एकटा काळा ठिपका मर्यादेपेक्षा लहान असला, तरी फिकट डाग म्हणून जाणवू शकतो. पण शेजारी-शेजारी दोन ठिपके आहेत की एक, हे सांगता येणार नाही. जॉन्सन नावाच्या संशोधकाने १९५८ साली अमेरिकी सैन्यासाठी याच्या पायऱ्या मोजल्या होत्या. वस्तूच्या लहान बाजूवर काळ्या-पांढऱ्या रेषांची किती जोडपी वेगळी दिसायला हवीत? काहीतरी आहे एवढंच कळायला एक, कोणत्या प्रकारचं आहे हे कळायला चार, नेमकं कोणतं हे सांगायला साधारण साडेसहा. ते आकडे रणगाडे आणि माणसांसाठीचे, पक्ष्यांना जसेच्या तसे लावू नका. पण "दिसलं", "बदक आहे" आणि "तलवार बदकाची मादी आहे" या तीन वाक्यांना लागणारा तपशील सारखा नाही, हे डोक्यात पक्कं बसवा. नोंदवहीत आपण तिन्ही एकाच रकान्यात लिहितो, गोंधळ तिथून सुरू होतो.

आता आपल्या भागात येऊ. मी हे लिहितेय ते आंबागडच्या बाजूने, तुमसर तालुक्यातून. वर जुना किल्ला, मागे सातपुड्याच्या दक्षिणेकडच्या टेकड्या आणि खाली सगळा धानाचा, तलावांचा आणि बोड्यांचा मुलूख. स्कोप लागतो तो त्या तलावांसाठी. हिवाळ्यात बाहेरून येणारी बदकं, पट्टकादंब, आणि वर्षभर या पट्ट्याची ओळख असलेला सारस. महाराष्ट्रात सारस आता जवळपास फक्त भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर या पूर्वेकडच्या जिल्ह्यांतच उरला आहे, तोही मोजक्या संख्येने. त्यामुळे इथे एका पक्ष्याची चुकीची नोंद म्हणजे टक्केवारीत मोठी चूक.

सारस उभा असला की जवळजवळ पावणेदोन मीटर. एक किलोमीटरवरही तो ३६० आर्कसेकंदांचा, म्हणजे सहा आर्कमिनिटांचा. "सारस आहे" एवढं सांगायला साधी दुर्बीणही चालेल. पण तुमचा संशोधनप्रश्न प्रजननाच्या यशाचा असेल, तर त्या वर्षीचं पिल्लू आणि प्रौढ वेगळे करावे लागतात. प्रौढाचं डोकं आणि मानेचा वरचा भाग उघडा, लालभडक. पिल्लाच्या डोक्यावर फिकट तपकिरी पिसं. हा भाग समजा १० सेंटिमीटरचा धरला आणि अंतर ८०० मीटर, तर कोन जवळजवळ २६ आर्कसेकंद. ३० पटीत तो १३ आर्कमिनिटांचा होतो, डोळ्याला आरामात दिसेल असा. ६० मिलिमीटर भिंग, ३० पट, काम झालं. सारसाच्या वयाची नोंद घ्यायला ६० पट लागत नाही.

पट्टकादंबाच्या गळ्यातली कॉलर वाचायची म्हटलं की गणित फिरतं. मंगोलियात कॉलर घातलेले पट्टकादंब विदर्भातल्या तलावांवर दिसल्याच्या नोंदी आहेत, आणि अशी कॉलर वाचता आली की त्या पक्ष्याचा अख्खा प्रवास हाती लागतो. समजा अक्षराची उंची २० मिलिमीटर. अक्षर वाचायला उंचीचे निदान पाच भाग वेगळे दिसायला हवेत, म्हणजे तपशील ४ मिलिमीटरचा. ३०० मीटरवरून तो २.७५ आर्कसेकंद. ५० मिलिमीटर भिंगाची मर्यादा २.७६. संपलं! त्याला १०० पटीची नेत्रिका लावली, तरी अक्षर मोठं होईल आणि तेवढंच धूसर राहील. ८० मिलिमीटर भिंगावर ४५ पटीच्या आसपास मात्र ते वाचता येईल. इथे मोठं भिंग मागायला तुमच्याकडे कारण आहे आणि ते कारण खरेदीच्या प्रस्तावात आकड्यांसकट मांडता येतं.

प्रकाशाचा मुद्दा थोडक्यात. भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ८० मिलिमीटर आणि २० पट असेल तर ४ मिलिमीटर, ६० पटीला १.३. पहाटे आपली बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडलेली असते, तिला १.३ मिलिमीटरचा झोत म्हणजे अंधारच. हा आकडा एकच्या खाली जात असेल, तर ती पट नुसती छापील समजा. ५० मिलिमीटर भिंगावर ६० पट लिहिलेले स्कोप बाजारात भरपूर आहेत.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष हवेकडे होतं. हवेचा अपवर्तनांक तापमानाबरोबर बदलतो, एका अंशाला साधारण दहा लाखांत एक एवढाच. पण तापलेल्या जमिनीलगत गरम-थंड हवेचे शेकडो गोळे हलत असतात आणि प्रत्येक जण प्रकाशाला किंचित वाकवतो. शेकडो मीटरमध्ये हे साठत जातं आणि प्रतिमा पाण्याखाली असल्यासारखी थरथरते. जितकी पट जास्त, तितकी थरथरही मोठी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा सकाळी दहानंतर किलोमीटरभर लांबचं काही ओळखणं म्हणजे अंदाजपंचे. हिवाळ्यातही ऊन चढलं की हेच, थोडं उशिरा.

एक प्रयोग सगळ्यांना करायला सांगते, स्कोप उसना आणून केला तरी चालेल. उंचावरून एखादी न हलणारी, ठराविक गोष्ट निवडा, देवळावरचं लिहिलेलं नाव किंवा खांबावरचा नंबर. दर तासाला बघा आणि कोणत्या पटीपर्यंत तपशील वाढतो, कोणत्या पटीनंतर फक्त आकार वाढतो, ते लिहा. आंबागडच्या किल्ल्यावरून मी हिवाळ्यात हे केलं. सकाळी साडेसातला ५० पट कामाची होती, साडेअकराला ३० च्या पुढे गेलं की नुसता लोंबकळणारा डाग. किल्ल्यावर असण्याचा फायदाही कळला: नजरेची रेषा जमिनीपासून उंच राहिली, की थरथर बरीच कमी. तलावावरही पाळीवर उभं राहून बघणं आणि खाली काठाशी बसून बघणं यात फरक पडतो. आणि स्कोपच्या अगदी जवळची गरम हवा सगळ्यात वाईट. गाडीच्या तापलेल्या बॉनेटवरून किंवा डांबरी रस्त्यापलीकडून बघू नका, चार पावलं चालून गवतात ट्रायपॉड लावा.

आपण ज्या थरथरीला शिव्या देतो, तिचाच लांब पल्ल्याचे नेमबाज उपयोग करतात. १००० यार्डांवर ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ७.६२ च्या गोळीला दोन मीटरपेक्षा जास्त बाजूला नेतो, आणि मधला गोल असतो सुमारे ६० सेंटिमीटरचा. म्हणून ते स्कोपचा फोकस मुद्दाम लक्ष्याच्या थोडा अलीकडे ठेवतात. लक्ष्य किंचित धूसर होतं आणि हवेच्या लाटा स्पष्ट दिसतात. लाटा डावीकडून उजवीकडे वाहत असतील तर वारा तसा. नुसत्या उकळल्यासारख्या वर जात असतील, तर आडवा वारा नाही किंवा वारा नजरेच्या रेषेत आहे. यासाठी पट २० ते ३० च बरी, कारण जास्त पटीत प्रवाह कळत नाही. म्हणजे १००० यार्डांवर स्कोपचं खरं काम भोक बघणं नसून वारा वाचणं आहे! आपला नको असलेला गोंगाट तिथे माहिती ठरतो. स्कोप निवडतानाही ते मोठ्या पटीपेक्षा रुंद दृश्यक्षेत्र आणि बारीक फिरणारा फोकस बघतात.

नेमबाजांकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे रेटिकल, नेत्रिकेतली खुणांची पट्टी. तिच्यावर मिल किंवा एमओए अशी मापं असतात. एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर. १.७ मीटर उंचीचा सारस पट्टीवर दोन मिल भरला, तर तो अंदाजे ८५० मीटरवर आहे. पक्षी मान वाकवून चरत असेल तर उत्तर चुकेल, हे उघड आहे. लेझर रेंजफाइंडर असेल तर तोच वापरा. पण अंतराचा रकाना नुसत्या नजरेच्या अंदाजाने भरण्यापेक्षा हे पुष्कळ बरं. अंतर का महत्त्वाचं? कारण लांबचे पक्षी ओळखू येण्याची शक्यता कमी असते. वय ओळखता आलेल्या सारसांत जवळचे जास्त असणार. पिल्लाचं डोकं फिकट, लांबून ते गवतात मिसळतं, म्हणून लांबच्या पक्ष्यांत पिल्लं कमी निघतात. विश्लेषणात अंतर घातलं नाही, तर तुम्ही मोजाल प्रजननाचं यश आणि प्रत्यक्षात मोजली जाईल तुमच्या स्कोपची मर्यादा. हा दोष नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने निघत नाही, कारण अंतराची नोंदच नसते.

बाकीच्या गोष्टी पटापट. तिरकी नेत्रिका की सरळ? तलावाच्या पाळीवर वेगवेगळ्या उंचीची माणसं आळीपाळीने बघणार असतील तर तिरकी सोयीची, ट्रायपॉडही खुजा ठेवता येतो. पडून नेम धरणाऱ्यालाही डोकं फारसं न हलवता बघायला ती सोपी. गाडीतून बघायचं असेल तर सरळ. चष्मा असेल तर नेत्रिकेपासून डोळ्याचं अंतर १५-१६ मिलिमीटर मिळतंय का बघा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. ईडी काचेचा फायदा खरा आहे: उजळ आभाळासमोरच्या काळ्या फांदीला जांभळी किनार दिसत असेल, तर ते वर्णविपथन, आणि लालभडक डोकं की तपकिरी हा निर्णय घेताना ते त्रास देतं. वजनही विसरू नका. ८० मिलिमीटरचा स्कोप दीड किलोच्या आसपास, वर ट्रायपॉड. धानाच्या बांधावरून रोज सहा-सात किलोमीटर चालायचं असेल तर ६०-६५ मिलिमीटरचा स्कोप रोज सोबत येईल, ८० चा खोलीवर राहील. ट्रायपॉडवर मात्र काटकसर करू नका. ४० पटीत हाताचा हलका धक्काही चाळीसपट होतो, आणि हलक्या ट्रायपॉडवर चांगली काच वाया जाते.

दुकानात तपासायचं कसं? घरून एक कागद छापून न्या: १ मिलिमीटर काळी रेघ, १ मिलिमीटर पांढरी, अशा दहा-बारा. तो १०० मीटरवर उन्हात लावा. काळी-पांढरी मिळून २ मिलिमीटर म्हणजे ४.१ आर्कसेकंद. ६० मिलिमीटरच्या चांगल्या स्कोपला ४० पटीत या रेघा सुट्या दिसायलाच हव्यात. राखाडी पट्टा दिसला तर सकाळी लवकर पुन्हा बघा, हवेचा दोष असू शकतो. तेव्हाही राखाडीच असेल तर तो नग परत द्या. तो नग म्हणतेय, मॉडेल नाही. एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक असतो, म्हणून जमलं तर दोन काढायला लावा.

विभागाच्या खरेदीत ब्रँड लिहिता येत नाही, तांत्रिक अटी लिहाव्या लागतात. तिथे "६० पट झूम" एवढंच लिहिलं, तर सगळ्यात स्वस्त ५० मिलिमीटरवालाच पदरात पडणार. भिंगाचा किमान व्यास, सर्वांत जास्त पटीलाही प्रकाशझोत १ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा, चष्म्यासाठीचं अंतर, नायट्रोजन भरलेली जलरोधक बांधणी, आणि वरची रेघांची चाचणी स्वीकृतीची अट म्हणून लिहा. शेवटची अट बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि वस्तू आल्यावर भांडायला कागदावर काहीच हाती नसतं.

पावसाळ्यात स्कोप डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि जेलचा रंग बदलला की बदला. आपल्याकडच्या दमट महिन्यांत भिंगावर बुरशी चढायला फार दिवस लागत नाहीत.